ध्वनिरोधक संगीतखोली आणि तिच्यात ठेवायच्या गिटारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातील एक रिकामी खोली संगीतासाठी वापरायची आहे. ती सुमारे ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून भिंतींना फोम लावून ती ध्वनिरोधक करायची, दारे-खिडक्या घट्ट बंद करायच्या आणि त्याच भिंतींवर अकूस्टिक व इलेक्ट्रिक मिळून अर्धा डझन गिटारी टांगायच्या, हा बेत योग्य आहे का?

बेतामागचा हेतू चांगला आहे, पण त्यात दोन मोठे बदल करावेत असे मी सुचवेन. पहिला असा की, फोमने आवाज अडत नाही. दुसरा बदल वाद्यदुरुस्ती आणि सरावखोल्यांची उभारणी ही दोन्ही कामे करत आल्यामुळे मला अधिक महत्त्वाचा वाटतो: आवाज अडवण्यासाठी खोली खरोखर बंदिस्त केली की तिच्यातील हवा बदलते, आणि हवेतला हा बदल सर्वांत आधी गिटारींना बाधतो. त्यामुळे ध्वनिरोधन आणि गिटारींची साठवण ही दोन वेगळी कामे न मानता दोन्हींचा आराखडा एकदमच करावा लागतो.

आधी गिटारीचे पाहू. लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते, आणि त्यानुसार फुगते किंवा आकसते. मात्र हा बदल तंतूंच्या आडव्या दिशेने होतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने तो नगण्य असतो. अकूस्टिक गिटारीची वरची फळी, म्हणजे टॉप, जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या आतील बाजूस आधाराच्या पट्ट्या तंतूंना आडव्या किंवा तिरप्या चिकटवलेल्या असतात. हवा दमट झाली की फळी रुंदीत वाढू पाहते, पट्ट्या तिला वाढू देत नाहीत, आणि परिणामी फळी ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे फळीला अडकवतात त्या पट्टीच्या, आसपास वर फुगते. तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या मानेवरील पट्टीपासून, उंच जातात, वाजवायला बोटांवर जोर पडू लागतो, आवाज मंद होतो आणि दमटपणा दीर्घकाळ राहिला तर ब्रिजच्या मागच्या कडेचा सरस सुटू लागतो. हवा कोरडी झाली की याच्या उलट घडते: फळी खाली बसते, तारा फ्रेटवर, म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्यांवर, आपटून झणझणतात, आणि आकसण्याला वाव उरला नाही की तंतूंच्या बाजूने भेग पडते.

कोरडेपणाची पहिली खूण डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते. गिटारीच्या मानेच्या दोन्ही कडांवरून बोट हलकेच सरकवावे. फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते, पण धातूचे फ्रेट तेवढेच राहतात. त्यामुळे त्यांची टोके करवतीच्या दात्यांसारखी बोटाला टोचू लागतात. ती टोचू लागली म्हणजे टॉपवर भेग पडण्याआधी आपल्या हाती थोडा वेळ आहे असे समजावे. अशा वेळी टोके कानशीने घासण्याची घाई करू नये. आधी वाद्याला योग्य हवेत काही आठवडे ठेवावे. बरेचदा टोके पुन्हा आत जातात. दमटपणा पाहायचा असेल तर ब्रिजच्या मागे टॉपवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांखालचे अंतर पाहावे. बहुतेक टॉप मुळातच किंचित फुगीर बनवलेले असतात, म्हणून एका मोजमापावरून निष्कर्ष काढू नये. वाद्य सुस्थितीत असताना अंतर नोंदवून ठेवावे आणि पुढची मोजमापे त्याच्याशी ताडून पाहावीत.

सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असणे घन लाकडाच्या अकूस्टिक गिटारींना सर्वांत मानवते. ४० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यातही त्या सहसा निभावून नेतात. आकड्याइतकेच त्याचे स्थैर्यही महत्त्वाचे आहे; सतत ५८ टक्के असलेली खोली ही रोज ३५ आणि ६५ यांच्यात हेलकावे खाणाऱ्या खोलीपेक्षा पुष्कळ बरी. प्लाय टॉपच्या, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या फळीच्या, गिटारी हे बदल अधिक सोसतात, आणि इलेक्ट्रिक गिटारीचे भरीव अंग तर त्याहून अधिक. तरी मान मात्र त्यांचीही हलते.

आता बंदिस्त खोलीकडे वळू. प्रश्नातील खोलीत ३० घनमीटर हवा आहे. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे ५० टक्के आर्द्रतेला त्या पूर्ण खोलीच्या हवेत सुमारे ३४५ ग्रॅम, अर्ध्या लिटरपेक्षाही कमी पाणी असते. बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ५० ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक बाष्प सोडतो. दोघे जण तासभर वाजवत बसले आणि हवा बाहेर जायला वाटच नसली, तर आर्द्रता ५० वरून ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. तीन तासांच्या सरावात हिशेबाने ती ९० टक्क्यांच्या पुढे जायला हवी. प्रत्यक्षात ती इतकी चढत नाही, कारण गालिचा, पडदे, भिंतींचा गिलावा आणि लाकूड त्यातील बराच भाग शोषून घेतात. त्या लाकडात भिंतीवर टांगलेल्या गिटारीही येतात, हे विसरता कामा नये. त्यात काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर तो एखाद्या छोट्या हीटरइतकी उष्णता सोडतो आणि खोली तापते. शिवाय हवा केवळ वाद्यांपुरती बिघडत नाही: याच खोलीत दोघांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड तासाभरात सुमारे १३०० भाग प्रतिदशलक्ष इतका वाढतो. सरावाच्या दुसऱ्या तासात डोके जड होते ते बहुधा यामुळेच.

आवाज अडवायचा कसा, हे आता सविस्तर सांगतो, कारण गैरसमज सर्वाधिक इथेच आहेत. खोलीतील आवाज खोलीत चांगला ऐकू येणे आणि खोलीतील आवाज बाहेर न जाणे, ही दोन निराळी उद्दिष्टे आहेत. फोम, जाड पडदे, गालिचे आणि रॉकवूलचे (खनिज लोकरीचे) पॅनेल पहिल्या उद्दिष्टासाठी असतात. ते भिंतीवरून परतणारा आवाज शोषतात. पाच सेंटिमीटर जाडीचा फोम साधारण ५०० हर्ट्झच्या वरचा आवाज चांगला शोषतो. गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झचा सूर निघतो आणि त्याची तरंगलांबी चार मीटरहून थोडी अधिक असते. एवढी लांब लहर त्या फोमला जुमानत नाही. अंड्यांचे पुठ्ठे तर त्याहूनही निरुपयोगी आहेत, आणि ते पेट घेतात.

फोमच्या ज्वलनशीलतेकडे कोणीही दुर्लक्ष करू नये. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वेस्ट वॉरिक येथे २००३ सालच्या फेब्रुवारीत एका नाइटक्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरील फोम पेटला आणि त्या आगीत १०० माणसे दगावली. घरात आतषबाजी नसते, पण विजेच्या तारा आणि तापलेले अँप्लिफायर असतात. त्यामुळे शोषक म्हणून खनिज लोकर, म्हणजे रॉकवूल किंवा ग्लासवूल, कापडात गुंडाळून वापरावी. ती स्वतः जळत नाही. वरचे कापडही आगरोधक घ्यावे.

आवाज बाहेर जाऊ न देण्यासाठी तीन गोष्टी लागतात: वजन, हवाबंदपणा आणि कंपनांचा तुटलेला मार्ग. भिंतीचे वजन दुप्पट केले तर सिद्धांतानुसार रोधन ६ डेसिबलने वाढते, प्रत्यक्षात थोडे कमी. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते, म्हणून नुसते वजन वाढवत जाणे लवकरच परवडेनासे होते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली विटांची भिंत मुळातच जड असते. त्यामुळे अशा खोल्यांत भिंतीपेक्षा दार आणि खिडकी हेच बहुधा दुबळे दुवे असतात. १० चौरस मीटरची भिंत ५० डेसिबल अडवत असेल, पण त्यातील २ चौरस मीटरचे पोकळ दार २० डेसिबलच अडवत असेल, तर संपूर्ण भिंतीचे रोधन सुमारे २७ डेसिबलवर येते. अशा स्थितीत उरलेल्या भिंतीवर कितीही खर्च केला तरी शेजाऱ्यांना फरक जाणवणार नाही. फटींचा हिशेब तर याहूनही कठोर आहे: भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी असेल तर बाकीची भिंत कसलीही असो, रोधन २० डेसिबलच्या वर जात नाही.

म्हणून कामाची सुरुवात दारापासून करावी. भरीव लाकडाचे किंवा जड फळीचे दार, चौकटीच्या तिन्ही बाजूंना दबणारी रबरी पट्टी, आणि खालच्या कडेला दार लागताच खाली उतरणारी पट्टी, एवढे केल्यावर रात्री खोलीत अंधार करून बाहेरून दाराच्या कडांवर टॉर्च फिरवावा. आत जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून आवाज जाणारच. त्यानंतर कानाने तपासावे: आत एखादे गाणे चालू ठेवून बाहेरून कडांजवळ कान न्यावा. खिडकी बंदच ठेवायची असेल तर मूळ काचेच्या आत, किमान १० सेंटिमीटर अंतर सोडून, वेगळ्या जाडीची दुसरी लॅमिनेटेड काच बसवावी. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या तर दोन्ही एकाच पट्टीतल्या सुरांना दुबळ्या पडतात. विजेच्या खोबण्या, पाइपांची भोके आणि छताच्या कडा न वाळणाऱ्या, लवचीक सीलंटने भराव्यात; साधी लांबी (पुट्टी) वाळून तडकते आणि फट पुन्हा मोकळी होते.

एवढ्यानेही भागले नाही, तरच जुन्या भिंतीपुढे नवी, तिला न टेकणारी भिंत उभारावी. इथे एक बारकावा गिटारवादकांच्या विशेष उपयोगाचा आहे. दोन थर आणि मधली हवा मिळून एक कंपन करणारी जोडी तयार होते, आणि तिच्या स्वतःच्या कंपनसंख्येच्या आसपास रोधन ढासळते. प्रतिचौरस मीटर सुमारे १० किलो वजनाचे जिप्सम बोर्ड दोन्ही बाजूंना एकेक आणि मध्ये १० सेंटिमीटर पोकळी असेल, तर ही कंपनसंख्या ८५ हर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे नेमकी गिटारीच्या जाड तारेच्या शेजारी. दोन्ही बाजूंना दुहेरी बोर्ड लावले तर ती ६० हर्ट्झवर उतरते, आणि पोकळीत लोकर भरली की आणखी थोडी खाली जाते. जड विटांच्या भिंतीपुढे दुहेरी बोर्डाची सुटी चौकट उभी केली तर याहूनही चांगला परिणाम मिळतो. मात्र जिथे आधीच दोन थर आणि पोकळी आहे तिथे पुढे आणखी पोकळी सोडून तिसरा थर लावू नये. त्याने खालच्या सुरांचे रोधन वाढण्याऐवजी घटू शकते. साहित्याच्या पत्रकावर एसटीसी हा ध्वनिरोधनाचा आकडा छापलेला असेल तर तो १२५ हर्ट्झच्या खालचे काहीच सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बास गिटारीची जाड तार ४१ हर्ट्झला वाजते.

अँप्लिफायर थेट जमिनीवर ठेवू नये. खाली राहणाऱ्यांना त्रास होतो तो पुष्कळदा हवेतून गेलेल्या आवाजाचा नसून जमिनीत उतरलेल्या कंपनांचा असतो. जड फळीखाली दाट रबराचे किंवा योग्य लवचीकतेचे तुकडे देऊन त्यावर अँप्लिफायर ठेवावा. ड्रम नसतील तर संपूर्ण तरंगत्या जमिनीची गरज सहसा पडत नाही.

आता मूळ पेचाकडे येतो. खोली इतकी बंद केल्यावर हवा येणार कुठून? बहुतेक जण इथे एसी सुचवतात. साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, नवी हवा आणत नाही. थंड करताना तो बाष्प काढतो, पण सराव संपल्यावर तो बंद केला की आर्द्रता पुन्हा चढते; गिटारींना न मानवणारे हेलकावे नेमके असेच तयार होतात. खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेतला तर तो खोली झटपट थंड करून थांबतो आणि बाष्प काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. माझा आग्रह असा असतो की ध्वनिरोधनाच्या आराखड्यातच हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन नळ्या धराव्यात. त्या आतून शोषक अस्तराच्या असाव्यात, प्रत्येकीला किमान दोन काटकोनी वळणे असावीत, त्या शक्य तितक्या रुंद असाव्यात म्हणजे हवा सावकाश वाहील आणि सुसाट आवाज होणार नाही, आणि पंखा खोलीच्या बाहेर बसवावा. वळणांवर आणि अस्तरावर आपटत आवाज विरतो, हवा मात्र जाते. हे काम कंटाळवाणे आहे, जागा खाते, आणि म्हणून सर्वांत आधी वगळले जाते. ते वगळले की लोक सरावाच्या मध्येच दार उघडतात आणि बाकीचा सगळा खर्च वाया जातो.

बाहेरची हवा अतिशय दमट किंवा अतिशय कोरडी असेल तेव्हा ही नवी हवाही गिटारींना सोयीची नसते. म्हणून पूर्ण खोलीची आर्द्रता रात्रंदिवस राखण्याच्या मागे न लागता ज्या लहान जागेत गिटारी राहतात तेवढीच राखावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केसमध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या पेटीत, ठेवलेली गिटार हा याचा सर्वांत सोपा प्रकार. त्याखालोखाल दारांच्या कडांना रबरी पट्टी लावलेले, काचेच्या दारांचे उभे कपाट. एक घनमीटरच्या कपाटातील हवेत ५० टक्के आर्द्रतेला जेमतेम १२ ग्रॅम पाणी असते. बाष्प घेणारी आणि सोडणारी अशी दुहेरी काम करणारी काही पाकिटे तेवढ्या हवेला सहज आवरतात. नुसती सिलिका जेल मात्र जपून वापरावी, कारण ती ५० टक्क्यांवर थांबत नाही आणि बंद केसमध्ये वाद्य गरजेपेक्षा कोरडे करू शकते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे चार बोटे तरी जागा सोडावी, नाही तर थंड भिंतीवर दव धरून बुरशी येते. रॉकवूलच्या पॅनेलांनाही हाच नियम लागू आहे.

भिंतीवर टांगण्याला माझा विरोध का, हेही सांगतो. टांगल्याने मान वाकते ही भीती निराधार आहे. हलक्या संचाच्या सहा पोलादी तारा मानेवर मिळून ७० ते ७५ किलो वजनाइतका ताण देतात. त्यापुढे गिटारीचे स्वतःचे दोन-चार किलो वजन काहीच नाही. अडचण भिंतीची आहे. सुट्या उभारलेल्या भिंतीत गिटारीचा हुक ठोकताना स्क्रू मागच्या जुन्या भिंतीपर्यंत पोहोचला तर दोन भिंती पुन्हा जोडल्या जातात, आणि तुटलेला मार्ग त्या एका स्क्रूमधून परत सुरू होतो. शिवाय टांगलेल्या गिटारींच्या मोकळ्या तारा अँप्लिफायरच्या आवाजाने स्वतःच घुमू लागतात आणि ध्वनिमुद्रणात ते ऐकू येते. एखादी रोज वाजवायची गिटार हाताशी हवीच असेल तर ती जमिनीवरच्या स्टँडवर, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवावी, आणि तारांखाली नटजवळ, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीजवळ, मऊ कापडाची पट्टी सरकवावी. जुन्या धाटणीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप असलेल्या गिटारीला स्टँडच्या रबराचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. काही रबरांतील द्रव्ये लेप मऊ करून कायमचा डाग पाडतात. मध्ये सुती कापड असावे.

केसमध्ये ठेवताना केस उभी किंवा कडेवर ठेवावी, एकीवर एक आडव्या रचू नयेत. तारा रोजच्या वापरात सैल करण्याची गरज नाही. कित्येक महिने वाद्य पडून राहणार असेल तर एखाद्या स्वराने उतरवाव्यात, पण पूर्ण काढू नयेत, कारण मानेतील ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ राखणारी धातूची सळई, तारांच्या ताणाशी तोल धरून बसवलेला असतो. नायलॉन तारांच्या गिटारीवर ताण जवळपास निम्माच असतो, तिला तर ही काळजी क्वचितच लागते. ठेवण्याआधी तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि कॅपो, म्हणजे सूर चढवण्यासाठी मानेवर लावलेला चिमटा, काढावा. प्रवासातून आणलेली केस लगेच उघडू नये. आतले लाकूड खोलीच्या तापमानाला यायला काही तास द्यावेत.

हे सर्व ज्या उपकरणाच्या भरवशावर करायचे, ते आर्द्रतामापक आधी तपासून घ्यावे, कारण स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात चिखल होईल इतकेच पाणी घालावे, ते आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ टक्के यायला हवा. ६९ आला तर प्रत्येक वाचनात ६ मिळवून वाचावे. एक मापक खोलीत आणि एक कपाटात, असे दोन असावेत.

ध्वनिशोषणाचे काम शेवटी करावे, आणि ते कमीच करावे. खोलीच्या ४ मीटर लांबीत ४३ आणि ८६ हर्ट्झच्या आसपासचे सूर साचून घुमतात, म्हणून जाड तारेवरचे पहिले एक-दोन सूर बाकीच्यांपेक्षा मोठे ऐकू येतील. त्यावर इलाज म्हणजे कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत खनिज लोकरीचे जाड थर. सर्व भिंती पातळ फोमने मढवल्या तर वरचे सूर मरतात, खालचे तसेच घुमत राहतात आणि चांगल्या गिटारीचाही आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा येतो. कोपरे भरून झाल्यावर, वादकाच्या दोन्ही बाजूंना भिंतींवर प्रत्येकी एखादे १० सेंटिमीटर जाडीचे पॅनेल, मागे तेवढीच पोकळी सोडून, लावावे आणि मग ऐकून पुढचे ठरवावे. हे पॅनेल हलके असतात; ते नव्या भिंतीच्या बोर्डातच अडकतील इतक्या आखूड स्क्रूंवर टांगावेत.

बांधकाम सुरू असताना एकही गिटार त्या खोलीत ठेवू नये. ओला गिलावा आणि जोडांवरची लांबी वाळताना आठवडेच्या आठवडे पाणी सोडतात, आणि जिप्समची बारीक धूळ ट्यूनरच्या (तारा पिळायच्या खुंट्यांच्या) दातांत व पिकअपमध्ये (तारांची कंपने टिपणाऱ्या भागात) शिरते. काम संपल्यावर नळ्यांचा पंखा चालू ठेवून रिकाम्या खोलीतील आर्द्रता रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवावी. सलग दोन आठवडे आकडे एका मर्यादित पट्ट्यात राहिले की आधी कपाट आत आणावे, पाकिटे घालून त्याच्या आतला आकडा ५० च्या आसपास स्थिरावू द्यावा, मग इलेक्ट्रिक गिटारी आणाव्यात, आणि घन लाकडाच्या अकूस्टिक सर्वांत शेवटी.